गुत्ता, मोजमाप आणि बिगारी : हिंगोली परिसरातील सरकारी बांधकामाच्या अटींचा शब्देतिहास

शासनाच्या पैशातून होणारे बांधकाम जो अंगावर घेतो त्याला मराठीत आज किमान चार नावे आहेत. शासकीय कागदांत तो 'कंत्राटदार' असतो, वृत्तपत्रांत बहुधा 'ठेकेदार', जुन्या दप्तरांत 'मक्तेदार'. आणि हिंगोली, परभणी, नांदेड या भागांतील बोलण्यात तो 'गुत्तेदार' असतो. ही चार नावे एकाच माणसाची असली तरी चार निरनिराळ्या इतिहासांची आहेत. 'कंत्राट' हा शब्द कोकणकिनाऱ्यावरच्या पोर्तुगीज संबंधातून आलेला, 'ठेका' उत्तरेकडचा, 'मक्ता' अरबी 'मुकातआ' या शब्दाचे मराठी रूप, आणि 'गुत्ता' हा तेलुगू 'गुत्त' व कन्नड 'गुत्तिगे' यांचा सख्खा भाऊ. गोदावरीच्या उत्तरेस, पूर्णा आणि कयाधू या नद्यांच्या खोऱ्यात, द्राविडी मुळाचा हा शब्द आजही अन्य तिन्ही शब्दांवर मात करून टिकला आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

सरकारी बांधकाम घेणाऱ्यावर कोणकोणत्या अटी घालाव्यात आणि त्या पाळल्या गेल्या की नाही हे कसे ठरवावे, हा प्रश्न सामान्यतः कायद्याचा किंवा स्थापत्यशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात तो शब्दांच्या अंगाने पाहिला आहे. अशा कामात गुत्तेदाराचे देणे तिघांना लागते : राज्याला, कामाला आणि मजुराला. राज्याचे देणे म्हणजे ठरलेल्या किंमतीत व मुदतीत काम पुरे करण्याची हमी. कामाचे देणे म्हणजे ते टिकाऊ व मापाबरहुकूम असणे. मजुराचे देणे म्हणजे त्याची मजुरी आणि त्याच्या जिवाची काळजी. या तीन देण्यांची परिभाषा तीन वेगवेगळ्या भाषिक थरांतून आली आहे, आणि हे थर ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने ही देणी कराराच्या अटींत शिरली, असे या भागाच्या इतिहासावरून दिसते. केवळ शब्दांच्या व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. म्हणून शब्दांची साक्ष शक्य तेथे कायद्यांच्या व घटनांच्या सनावळीशी ताडून घेतली आहे.

१. क्षेत्र

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पुढे हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दीडशे वर्षांच्या अवधीत येथील सरकारी दप्तराने फारसी, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषा पाहिल्या. बांधकामाच्या कराराची भाषा राजवटीबरोबर बदलत गेली. बांधणाऱ्या हातांची भाषा मात्र बव्हंशी मराठीच राहिली. या विसंगतीमुळेच हे क्षेत्र अभ्यासास सोयीचे आहे.

शिवाय हिंगोली हे एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावणीचे ठाणे होते. या फौजेचा खर्च निजामावर आणि तिच्यावरचा हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्या खर्चाची बाकी साचत गेली म्हणूनच १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. पैसा एकाचा, देखरेख दुसऱ्याची आणि कष्ट तिसऱ्याचे, ही सार्वजनिक कामांची परिचित रचना या गावाने अशी फार लवकर पाहिली. १९०३ मध्ये ही फौज स्वतंत्र राहिली नाही आणि छावणीचे महत्त्व संपले.

२. गुत्ता : राज्याचे देणे

'गुत्ता', 'मक्ता' आणि 'इजारा' हे तिन्ही शब्द मूळचे बांधकामाचे नव्हेत. ते महसुलाचे आहेत. एखाद्या मुलखाचा किंवा जिनसेचा कर वसूल करण्याचा हक्क ठराविक रकमेला एखाद्यास लावून द्यावयाचा, अशी ती पद्धत. सरकारला ठरलेली रक्कम मिळाली म्हणजे झाले. रयतेकडून ती कशी निघाली, किती अधिक निघाली, याची विचारपूस सहसा होत नसे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंग यांनी महसुलाची ही इजारेदारी मोडीत काढण्याचे धोरण धरले आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकाऱ्यांकरवी वसुलीची व्यवस्था लावली. जमीनमहसुलातून गुत्ता गेला. पण मद्याच्या विक्रीत तो राहिला. मराठीत 'दारूचा गुत्ता' ही शब्दजोडी एवढी रूढ झाली की पुढे नुसता 'गुत्ता' म्हटले तरी दारूचे दुकानच डोळ्यांपुढे यावे.

बांधकाम घेणाऱ्यालाही याच कुळातले नाव मिळाले, आणि नावाबरोबर कल्पनाही आली. गुत्तेदार म्हणजे सरकारशी एका रकमेने बांधला गेलेला आणि त्या रकमेच्या आत सर्वस्वी मोकळा असा मनुष्य. कराराच्या आर्थिक बाजूची परिभाषा पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 'बयाणा', 'अनामत', 'जामीन', 'जप्ती', 'मुदत' हे सारे अरबी-फारसी मुळाचे शब्द आहेत, आणि ते सारे सरकारी तिजोरीचे रक्षण करणारे आहेत. काम घेणारा माघार घेईल तर बयाणा जप्त व्हावा, काम अर्धवट टाकील तर अनामत बुडावी, मुदत चुकवील तर भरपाई द्यावी. आजच्या निविदेत या शब्दांच्या शेजारी 'इसारा रक्कम', 'सुरक्षा ठेव' असे नवे प्रतिशब्द आले आहेत. परंतु त्यांच्यामागची भीती जुनीच आहे. अंदाजापेक्षा फार कमी दराने निविदा भरणाऱ्याकडून महाराष्ट्र शासन जी जादा ठेव मागू लागले, तीही याच कुळातील. जिल्ह्याच्या बाजारात 'वीस टक्के बिलो' गेलेल्या कामाची चर्चा होते, तेव्हा त्या वीस टक्क्यांची झीज सिमेंटला लागणार, खडीला लागणार की मजुराच्या रोजाला, हा प्रश्न ठेवीच्या रकमेने सुटत नाही. ठेव सरकारचे नुकसान भरून देते, इतरांचे नाही.

तात्पर्य, पहिला थर राज्याच्या देण्याचा. तो सर्वांत जुना, सर्वांत दृढ आणि आजही सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा आहे.

३. मोजमाप : कामाचे देणे

निजामी राज्यात बांधकाम खात्यास उर्दूत 'तामिरात' म्हणत. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात स्थापत्यासारखे विषयही उर्दूतून शिकविले जात, हे भारतीय भाषांच्या इतिहासात लक्षणीय आहे. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली झालेले निजामसागराचे काम या खात्याच्या कर्तृत्वाची साक्ष देते. तथापि या खात्याची कार्यपद्धती इंग्रजी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नमुन्यावर बेतलेली होती, आणि १९५६ नंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा उर्दू दप्तराची जागा प्रथम मराठीने नव्हे तर मुख्यतः इंग्रजीने घेतली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. 'कार्यकारी अभियंता', 'अधीक्षक अभियंता', 'निविदा', 'मोजमाप पुस्तिका' ही शब्दसंपत्ती रूढ झाली ती यानंतरच. तरी बी-१, बी-२ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या निविदापत्रांचा बारीक अटींचा भाग बहुशः इंग्रजीतच राहिला.

या दुसऱ्या थराचे केंद्र म्हणजे मोजमाप पुस्तिका, बोलण्यात 'एम. बी.'. या वहीची पाने आधीच क्रमांकित असतात. नोंद शाईने करावयाची. खाडाखोड करावयाची नाही, चूक झाल्यास रेघ मारून सही करावयाची. कनिष्ठ अभियंत्याने घेतलेली मापे वरिष्ठाने काही प्रमाणात स्वतः पडताळावयाची. आणि मापे मान्य असल्याची गुत्तेदाराने सही द्यावयाची. वहीत नोंद नाही ते काम झालेच नाही, हा तिचा नियम. सरकारी पैशाने झालेल्या कामावर घातलेला हा सर्वांत प्रभावी लेखी अंकुश होय. 'एम. बी. भरणे' हा वाक्प्रचार खेड्यापाड्यांतील सरपंचालाही ठाऊक आहे, यावरून या वहीचा दरारा ध्यानात यावा.

या भागात दुसऱ्या थराची खरी कसोटी लागली ती पूर्णा प्रकल्पात. पूर्णा नदीवरील येलदरी आणि तिच्या खालच्या अंगास औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर ही दोन धरणे या प्रकल्पाची. दोन्ही १९६८ पर्यंत पुरी झाली. येलदरीची उंची सुमारे ५१ मीटर असून तेथे २२.५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र झाले. सिद्धेश्वरची लांबी सहा किलोमीटरांहून अधिक आहे. ही कामे चालू असतानाच देशात वजनमापांची मेट्रिक पद्धत लागू होत होती. मातीकाम घनमीटरांत लिहावयाचे आणि बोलावयाचे 'ब्रास'मध्ये, असे द्वैत तेव्हापासून रुजले. १०० घनफुटांचा ब्रास, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर, वाळू, मुरूम आणि खडीच्या व्यवहारात आजही चालू आहे. मजूर ब्रासमध्ये खणतो आणि वही घनमीटरांत भरते. या दोहोंमधील रूपांतर बहुधा मजुराला ठाऊक नसते.

याच काळात, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्याजवळचे पानशेत हे पुरे होण्यापूर्वीच पाणी साठू लागलेले मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फुटून पुणे शहरात हाहाकार झाला. कामाचे देणे चुकले म्हणजे ते केवळ सरकारचे नुकसान नसते, नदीकाठच्या माणसांचा जीव त्यात गुंतलेला असतो, ही जाणीव महाराष्ट्राला त्या दिवशी झाली. पुढील काळात मालाच्या चाचण्या, दोषदायित्वाचा कालावधी, त्रयस्थ तपासणी या अटी करारांत अधिकाधिक ठळक होत गेल्या. दोषदायित्वाची कल्पना येथे विशेष महत्त्वाची आहे. काम संपल्याचा दाखला मिळाला तरी ठराविक काळात उघडकीस आलेला दोष गुत्तेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा. म्हणजे रक्कम चुकती झाली की संबंध संपला, ही मूळ गुत्त्याची कल्पना येथे प्रथमच मोडली.

परंतु मोजमाप पुस्तिकेची एक मर्यादा तिच्या नावातच आहे. ती कामाची मापे घेते, माणसांची नाही. किती घनमीटर माती निघाली हे त्या वहीत सापडते. ती कोणी काढली, किती दिवसांत काढली आणि त्याच्या पदरात काय पडले, याला तिच्यात रकाना नाही.

४. बिगारी : मजुराचे देणे

बांधकामावरील अकुशल मजुरास मराठीत 'बिगारी' म्हणतात. फारसी 'बेगार' म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करवून घेतलेले काम. याच अर्थाचा 'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला. आणि दोन भाषांतील दोन समानार्थी शब्द जोडून मराठीने 'वेठबिगार' हा सामासिक शब्द घडविला. सक्तीच्या श्रमाचा अनुभव एका शब्दात मावेनासा झाला असावा, असेच या समासावरून वाटते. ज्याला मोबदला मिळत नसे त्याचे नाव पुढे रोजाने काम करणाऱ्या मजुराला चिकटले, आणि बोलणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही. 'मेस्त्री' आणि 'पगार' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज मुळाचे. पगार मेस्त्रीला, बिगाऱ्याला 'रोज', असा भेद बोलीत अजून ऐकू येतो.

हैदराबाद संस्थानात कर्जापोटी राबणाऱ्या 'भगेला' मजुरांच्या करारांवर नियंत्रण आणणारा कायदा १९३६ मध्ये झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानाने २३ व्या अनुच्छेदात बेगारीस मनाई केली, आणि ती करताना 'बेगार' हा देशी शब्द इंग्रजी मसुद्यात तसाच ठेवला. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत रस्ते व इमारतींचे बांधकाम आणि खडी फोडण्याचे काम यांचा समावेश होता. जगात ही कल्पना याहून जुनी होती. ब्रिटिश पार्लमेंटाने १८९१ मध्ये सरकारी कंत्राटांत रास्त वेतनाचा ठराव केला. अमेरिकेत सरकारी बांधकामांसाठी १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा झाला. आणि १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सार्वजनिक कंत्राटांतील श्रमविषयक अटींचा स्वतंत्र करारमसुदा संमत केला. सरकार जेव्हा पैसा देते तेव्हा त्याने केवळ स्वस्त काम न मागता रास्त काम मागावे, हे या सर्वांचे सूत्र.

भारतात या सूत्रास नेमके रूप आले ते १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने. वीस किंवा अधिक मजूर लावणाऱ्या कंत्राटदारास परवाना आवश्यक झाला. मजुरीचे वाटप मुख्य मालकाच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावे असे ठरले. आणि कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास ती मुख्य मालकाने द्यावी व मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी जबाबदारी निश्चित झाली. सरकारी कामात मुख्य मालक म्हणजे सरकारी खातेच. गुत्त्याच्या मूळ कल्पनेला इतका मोठा धक्का पूर्वी कधी बसला नव्हता. कारण रक्कम दिल्यावर सरकारचे हात मोकळे होत नाहीत, असे येथे प्रथम म्हटले गेले.

या तत्त्वाची कसोटी १९८२ मध्ये लागली. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथे ९ रुपये २५ पैसे हा किमान रोज होता. तो जमादारांच्या हाती पडत असे आणि मजुरामागे एक रुपया ते आपल्याकडे ठेवीत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निर्णयाने असे ठरविले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर काम करवून घेणे हे २३ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीचे श्रम होत, आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून शासनाची जबाबदारी टळत नाही. शब्दाच्या दृष्टीने पाहता या निर्णयाचे महत्त्व विलक्षण आहे. ज्याला मराठी बोली 'बिगारी' म्हणत आली, त्याच्या हाती किमान रोज पडत नसेल तर तो कायद्याच्या लेखीही बेगारीच करीत असतो, असा त्याचा अर्थ होतो. बोलीने शतकभर जपून ठेवलेला अर्थ न्यायालयाने जणू पुन्हा उजेडात आणला.

१९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदे झाले आणि बांधकाम खर्चाच्या शेकडा १ इतका उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होऊ लागला. सरकारी कामात हा उपकर गुत्तेदाराच्या देयकातूनच कापला जातो. म्हणून त्याची वसुली सोपी. लाभ मिळविणे मात्र तितके सोपे नाही. मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असल्याखेरीज मजुराची नोंदणी होत नाही. हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला आणि दूरच्या शहरांतील बांधकामांवर हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला हे ९० दिवस अनेक मुकादमांच्या हाताखाली विखुरलेले मिळतात. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' त्याच्या वहीत काटेकोरपणे लिहिलेली असते. कामाचे दिवस तसे लिहिलेले नसतात.

५. गुत्तेदाराविना काम

या इतिहासात महाराष्ट्राने एक निराळी वाटही चोखाळली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या योजनेत कामे खात्यामार्फत करावयाची, गुत्तेदारामार्फत नव्हे, असे तत्त्व होते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेही कंत्राटदारास मज्जाव केला, मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६० : ४० ठेवले आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली.

येथे मोजमाप पुस्तिकेच्या शेजारी दुसरी वही आली : हजेरीपट. पहिल्या वहीत माती होती, दुसरीत माणसे. मजुरी केलेल्या कामाच्या मापावर ठरत असल्याने दोन्ही वह्या एकमेकींशी जुळणे भाग पडले. माप कमी धरले तर मजुरी कमी पडते, हे खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईलाही कळू लागले आणि मापाचा वाद हा रोजाचा वाद झाला. हजेरीपटावर खोटी नावे घालणे, यंत्राने केलेले काम मजुरांच्या नावावर दाखविणे, अशा तक्रारी वेळोवेळी झाल्या हेही खरे. तथापि त्या तक्रारी होऊ शकल्या, याचे कारण 'हजेरी' हा शब्द आणि ती वही दोन्ही मजुरांच्या ओळखीची होती. गावसभेत नावे वाचून दाखविली की, कोण आले होते आणि कोण नव्हते हे सांगण्यास साक्षरतेची गरज पडत नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दिसते की, सरकारी बांधकामाच्या अटींचे तीन थर आहेत. राज्याच्या देण्याचा थर अरबी-फारसी शब्दांचा. तो लोकांच्या जिभेवर रुळला असून काटेकोरपणे पाळला जातो. कामाच्या देण्याचा थर इंग्रजी मुळाचा. अभियंता आणि गुत्तेदार यांना तो पूर्णपणे अवगत आहे. मजुराच्या देण्याचा थर सर्वांत अलीकडचा, आणि 'मुख्य मालक', 'किमान वेतन', 'कल्याणकारी उपकर', 'अनुपालन' अशा नवसंस्कृत शब्दांनी रचलेला आहे. ज्याच्यासाठी तो रचला त्याच्या बोलीत यांतील एकही शब्द नाही. त्याच्या बोलीत 'रोज', 'हजेरी', 'उचल', 'खाडा' आणि 'मुकादम' आहेत, आणि ते कराराच्या कागदात क्वचितच आढळतात. बयाणा चुकला तर खाते बोलते, माप चुकले तर वही बोलते. रोज चुकला तर ज्याने बोलावयाचे त्याला कागदातला शब्द ठाऊक नसतो.

ही उणीव कायदे करणाऱ्यांच्या अगदीच ध्यानात आली नव्हती असे नाही. १९७१ च्या केंद्रीय नियमांनी मजुरीचे दर व कामाचे तास यांची सूचना बहुसंख्य मजुरांना समजेल अशा स्थानिक भाषेतही लावणे बंधनकारक केले होते. परंतु भाषा म्हणजे केवळ लिपी व व्याकरण नव्हे. 'किमान वेतन दर प्रतिदिन' असे फलकावर लिहिणे आणि 'येथे एका दिवसाचा रोज इतका. उचल कापावयाची ती इतकीच. हजेरी येथे पाहावी' असे लिहिणे, या दोहोंत अटीच्या अंमलबजावणीचा फरक आहे.

१९७० व १९९६ चे कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व सामाजिक सुरक्षा या संहितांत समाविष्ट झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदींसाठी वीसऐवजी पन्नास ही संख्या आता धरली जाते. जिल्ह्यातील एखाद्या ग्रामीण रस्त्यावर किंवा शाळेच्या खोलीवर सहसा पन्नास माणसे एका वेळी नसतात. तेथे मजुराचे रक्षण परवान्याने होण्याची शक्यता कमी झाली. ते वेतनाच्या सर्वसाधारण कायद्यावर आणि करारातील अटींवर अधिक अवलंबून राहणार. म्हणूनच त्या अटी कोणत्या शब्दांत लिहिल्या जातात हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा उरत नाही. मोजमाप पुस्तिकेवर गुत्तेदाराची सही असल्यावाचून देयक पुढे जात नाही. हजेरी वाचून दाखविली गेल्याची मजुरांची साक्ष असल्यावाचूनही ते पुढे जाऊ नये, एवढी एक अट तिसऱ्या देण्याला पहिल्या दोन देण्यांच्या पंक्तीस बसविण्यास पुरेशी होईल. ती लिहिण्यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. लागणारे सर्व शब्द कामाच्या जागी पूर्वीपासून वापरात आहेत.